बोअर खोल आहे म्हणून पाणी निर्धोक?

भुसावळजवळून जाणाऱ्या 53 क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गालगत पेट्रोलपंप आहेत आणि पंपांच्या फरशीखाली इंधनाच्या टाक्या पुरलेल्या असतात. अशा ठिकाणी टाकीची गळती आणि बोअरच्या पाण्याचा विषय निघाला की एक खुलासा हमखास ऐकू येतो: ‘तेल पाण्यावर तरंगतं. आमचा बोअर दोनशे फूट खोल आहे. वास नाही, तवंग नाही, मग काळजी कसली?’

यातलं पहिलं वाक्य खरं आहे, म्हणूनच पुढची पटतात. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं आहेच. पण ते एकच एक द्रव्य नव्हे, शेकडो घटकांचं मिश्रण आहे. त्यातलं बेंझिन पाण्यात विरघळतं आणि एकदा विरघळलं की पाणी जाईल तिकडे जातं. मग तरंगण्याचा प्रश्नच उरत नाही. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम ठेवली आहे. भारतात पेट्रोलमध्ये 1 टक्क्यापर्यंत बेंझिन चालतं. म्हणजे एका लिटर पेट्रोलमध्ये जास्तीत जास्त 9 ग्रॅमच्या आसपास. ते सगळं पाण्यात उतरलं, तर आठ लाखांहून अधिक लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत पोचतं. माणसाच्या नाकाला पाण्यातलं बेंझिन कळतं, ते या मर्यादेच्या कितीतरी पट वाढल्यावर. नाक हे तपासणीचं साधन नाही, हे किती वेळा सांगायचं?

आणि खोलीचं काय? तापीच्या दक्षिणेला काळ्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली बेसाल्टचा कातळ लागतो. या कातळात पाणी फटींमधून वाहतं. बोअरला केसिंग बहुतेकदा वरच्या ढिल्या थरापुरतंच असतं, खाली नुसतं उघडं भोक. वरच्या फटीतलं दूषित पाणी त्यात सरळ उतरतं आणि मोटर चालू झाली की आजूबाजूचं पाणीही तिकडेच ओढलं जातं. नदीपलीकडे यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात गाळाची जमीन आहे. तिथे प्रदूषणाचा प्रवास निराळा होतो, थांबत मात्र नाही. चेन्नईच्या तोंडियारपेठेत 2013 मध्ये जमिनीखालच्या इंधनवाहिनीला गळती लागली, तेव्हा लोकांच्या बोअरमधूनच इंधन वर आलं होतं.

‘पाणी तपासलंय, रिपोर्ट चांगला आहे’, हे दुसरं उत्तर. कशासाठी तपासलं? नेहमीच्या तपासणीत क्षार, कठीणपणा, फ्लोराइड, नायट्रेट, जंतू पाहतात. बेंझिन पाहत नाहीत. त्यासाठी बेंझिन, टोल्युइन, इथिलबेंझिन आणि झायलिन यांची तपासणी वेगळी मागावी लागते. ती गॅस क्रोमॅटोग्राफवर होते. नमुना काचेच्या छोट्या बाटलीत काठोकाठ, आत हवेचा बुडबुडा न ठेवता भरायचा आणि बर्फात ठेवून न्यायचा. भुसावळच्या मे महिन्यात अर्धी भरलेली प्लास्टिकची बाटली डिकीतून नेली, तर बेंझिन वाटेतच उडून जातं आणि दूषित पाणी कागदावर शुद्ध ठरतं.

मातीचंही तसंच. शेतकऱ्याच्या मृदा आरोग्य पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश असतं, तेलाचा अंश नसतो. टाकीच्या परिसरात वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने घ्यावे लागतात. भूजल कोणत्या दिशेने वाहतं हे कळायला किमान तीन निरीक्षण विहिरी हव्यात. फटींच्या कातळात त्याहून जास्त.

बाकीची ठरलेली उत्तरंही अशीच. ‘टाकीचा हिशेब जुळतो, म्हणजे गळती नाही’: तापमान एका अंशाने बदललं तरी 10 हजार लिटर पेट्रोलचं आकारमान दहा-बारा लिटरने बदलतं, बारीक गळती त्यात सहज लपते.

‘उकळून पितो’: बेंझिनची वाफ स्वयंपाकघरात पसरते.

‘पंप वस्तीपासून 50 मीटरवर आहे’: केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 मध्ये घातलेलं हे अंतर नव्या पंपांपासून शाळा, रुग्णालयं आणि घरांपर्यंतचं आहे, जमिनीखालचं पाणी ते पाळत नाही.

‘पंप बंद होऊन वर्षं झाली’: मातीच्या कणांत अडकलेलं इंधन दर पावसाळ्यात पाणीपातळी वर आली की पुन्हा थोडं थोडं विरघळतं. म्हणून अशी जागा घर किंवा विहिरीसाठी घेण्याआधी माती आणि पाणी दोन्ही तपासायला हवं, आणि पाण्याचा नमुना उन्हाळ्यात एकदा, पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा घ्यायला हवा.