ढगाविना गोकू

उज्जैनच्या फ्रीगंजात टॉवरच्या मागच्या गल्लीत आमचे जे बिऱ्हाड आहे, त्याच्या गच्चीवर या शतकाच्या पहिल्या दशकात रोज तिन्हीसांजेला चारपाच मुले जमत, दोन्ही पंजे कमरेपाशी एकमेकांना लावून पोटातून आवाज काढीत 'कामेहामेहा' असा एक दीर्घ उच्चार करीत, आणि मग ते पंजे रेल्वेपुलाच्या दिशेने, मावळत्या उजेडावर, सर्व शक्तीनिशी सोडून देत. त्यांत माझा भाचाही असे. आंघोळीचा साबण चोळून केस काट्यांसारखे उभे करण्याचा त्याचा उद्योग हा त्याच्या आईच्या नित्य तक्रारीचा विषय होता. एका उन्हाळ्यात त्याने विटेच्या तुकड्याने पाण्याच्या टाकीवर एक वाटोळा, शेपटीदार ढग काढला, आणि त्या ढगावर बसण्याचा अधिकार कोणाला आहे, यावरून त्या मंडळीत दोन दिवस कडाक्याचे भांडण चालले.

हे सारे 'ड्रॅगन बॉल' या जपानी चित्रमालिकेचे खूळ होते. अकिरा तोरियामा या चित्रकाराने १९८४ साली 'शोनेन जंप' या साप्ताहिकात ही चित्रकथा सुरू केली आणि १९९५ साली ५१९ प्रकरणांनंतर ती थांबविली. तीवरून निघालेल्या पहिल्या दोन दूरचित्रवाणी मालिकांचेच १५३ आणि २९१ असे एकूण ४४४ भाग भरतात. कार्टून नेटवर्कच्या वाहिनीवरून ती आमच्या घरात आली, तेव्हा आरंभी मी तिच्याकडे वडीलधाऱ्याच्या स्वाभाविक उपेक्षेने पाहिले. पण शेपटी असलेला, अफाट खाणारा, कपट म्हणजे काय ते ठाऊक नसलेला तिचा नायक, तो गोकू नावाचा पोरगा, हळूहळू मलाही आवडू लागला, आणि भाच्याच्या शेजारी बसून मी ती मनापासून पाहू लागलो.

म्हणूनच २००९ साली 'ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन' हा जिवंत नटांचा चित्रपट निघाल्याचे कळताच घरात जो उत्सव सुरू झाला, त्यात मीही सामील होतो. भाड्याने आणलेली तबकडी, ओढलेले पडदे, परातभर शेव-परमल, गच्चीवरची सगळी फौज सतरंजीवर. पाऊण तासात कुजबुज थांबली, आणि ती तन्मयतेने थांबली नव्हती. चित्रपट संपल्यावर भाच्याने उठून तबकडी काढली, पुसून वेष्टनात घातली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मामा, याला ढगच नाही."

बारा वर्षांच्या मुलाचे ते वाक्य मी पुढे पुष्कळ दिवस मनात वागविले. चित्रपटावर जगभर जो रोष झाला, त्याचा मुख्य आक्षेप असा होता की, निर्मात्यांनी मूळ कथा बदलली. हा आक्षेप मला कधीच पटला नाही. कारण या कथेचा वंशवृक्ष शोधू लागलो, तेव्हा बदल हाच तिचा कुलाचार असल्याचे दिसून आले, आणि विस्मयाची गोष्ट अशी की, त्या वृक्षाचे एक मूळ माझ्याच गावाच्या मातीत निघाले.

इसवी सन ४९९ च्या सुमारास उज्जयिनीत परमार्थ नावाचा एक ब्राह्मणकुलोत्पन्न पुरुष जन्मला. तो बौद्ध भिक्षू झाला, समुद्रमार्गाने ५४६ साली चीनच्या दक्षिण किनाऱ्यास लागला, दोन वर्षांनी त्या वेळच्या राजधानीस, म्हणजे आजच्या नानजिंगला, पोहोचला, आणि पोहोचतो न पोहोचतो तोच तेथे बंडाळी उसळून राजाश्रय नाहीसा झाला. पुढची वीस वर्षे या गावाहून त्या गावास हिंडत, मायदेशी परतण्याची आस धरीत आणि ती विफल होताना पाहत, त्याने संस्कृत ग्रंथांचे चिनी तर्जुमे केले. त्यांत वसुबंधूचा 'अभिधर्मकोश' होता आणि असंगाचा 'महायानसंग्रह' होता. ५६९ साली तो तिकडेच निवर्तला. त्याच्या भाषांतरांवरून चीनमध्ये एक संप्रदायच उभा राहिला, अन्य संप्रदायांशी त्याचे मतभेद झाले, आणि सातव्या शतकाच्या आरंभी एक तरुण भिक्षू हे परस्परविरोधी अर्थ वाचून इतका अस्वस्थ झाला की, मूळ ग्रंथ मूळ देशी जाऊनच पाहिले पाहिजेत, असे त्याने ठरविले. राज्याबाहेर जाण्याची परवानगी नव्हती. तो परवानगीवाचून निघाला. हाच ह्युएनत्संग.

सुमारे सोळा वर्षांनी, ६४५ साली, तो ६५७ ग्रंथ घेऊन परतला, आणि परमार्थाने केलेले ते दोन्ही तर्जुमे त्याने स्वतः नव्याने केले. त्याच्या प्रवासवृत्तांतात उज्जयिनीचेही वर्णन आहे. राज्याचा घेर सहा हजार ली, बहुतेक विहार मोडकळीस आलेले, दोनतीनच धड राहिलेले, राजा ब्राह्मण, आणि नगराजवळ एक स्तूप, जेथे अशोकाने यातनागृह उभारले होते असे लोक सांगत. एका असमाधानकारक भाषांतरापायी माणूस वाळवंट आणि हिमपर्वत ओलांडून निघतो, आणि ते भाषांतर आपल्या गावच्या माणसाचे असते, हे वाचताना मला परमार्थाचा कमीपणा मुळीच वाटला नाही. परक्या भाषेत, बंडाळीत, पोथ्यांचे ओझे वाहत त्याने जे केले, त्याच्याच पायरीवर उभे राहून पुढच्याला मुळाची ओढ लागली.

ह्युएनत्संगाच्या यात्रेवर लोकांनी कथा रचल्या, नाटके रचली, आणि अखेरीस १५९२ साली नानजिंगला शंभर अध्यायांची 'पश्चिमेची यात्रा' ही कादंबरी छापून निघाली. तिचे कर्तृत्व परंपरेने वू छंग-अनकडे जाते. या कादंबरीत धीरगंभीर भिक्षू मागे सरला आणि दगडातून जन्मलेला, लोहदंड फिरविणारा, ढगावर उड्डाण करणारा सुन वुकाँग हा वानर पुढे आला. हा वानर आपल्या हनुमंताचा वंशज आहे, असे हू शिह यांनी १९२३ मध्ये सुचविले, तर लू शुन यांनी त्याचे मूळ चीनच्याच एका जलदैत्यात पाहिले. तो वाद आजही मिटलेला नाही. सुन वुकाँग या नावाच्या अक्षरांचा जपानी उच्चार होतो सोन गोकू.

आता बदल मोजा. ह्युएनत्संगाची जागा तोरियामांनी एका यंत्रनिपुण मुलीला दिली, धर्मग्रंथांऐवजी सात गोलक आणले, आणि जॅकी चॅनच्या चित्रपटांवरच्या आपल्या प्रेमापायी तीर्थयात्रेचे मल्लविद्येत रूपांतर केले. यापेक्षा मोठी मोडतोड कोणती असू शकेल? पण वानराचे शेपूट राहिले, दंड राहिला, ढग राहिला, आणि या चिन्हांच्या आत त्याचा उनाड, निर्भय आणि निर्मळ स्वभाव राहिला.

हा न्याय आम्हा उज्जैनकर मराठी माणसांना नवा वाटू नये. वेताळाच्या पंचवीस कथा आमच्या विक्रमाच्या म्हणून जगप्रसिद्ध आहेत. पण अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त तो राजा त्रिविक्रमसेन आहे आणि त्याचे राज्य आहे गोदातीरीच्या प्रतिष्ठानात, म्हणजे आपल्या पैठणात. पुढच्या लोकप्रिय पाठांत राजा विक्रम झाला, नगरी उज्जयिनी झाली, आणि पैठणकरांनी त्याबद्दल कोणाच्या दरबारी अर्ज केल्याचे ऐकिवात नाही. कारण खांद्यावरचे प्रेत तेच आहे, मौनाची अट तीच आहे, उत्तर ठाऊक असून न दिल्यास मस्तकाची शकले होण्याचे भय तेच आहे, आणि उत्तर देताच वेताळाचे झाडावर परतणेही तेच आहे. यातले एक काढा, आणि मग उज्जयिनी ठेवून काय, पैठण ठेवून काय, गोष्ट उरत नाही.

चित्रपटाने नेमके काय काढले, ते आता पाहू. ट्वेंटीएथ सेंच्युरी फॉक्स या कंपनीने २००२ साली चित्रपटाचा इजारा मिळविला, पटकथेचे मसुदे होत राहिले, आणि सात वर्षांनी जेम्स वाँग यांच्या दिग्दर्शनाखाली, मेक्सिकोतील दुरांगो येथे बरेचसे चित्रण होऊन, तो पडद्यावर आला. निर्मात्यांत हाँगकाँगचे स्टीफन चाऊ होते, ज्यांनी १९९५ साली स्वतः वानरराजाची भूमिका केली होती. गुरू रोशीच्या भूमिकेत चौ युन-फॅट यांच्यासारखा समर्थ नट होता. साधनांची वाण नव्हती. तरीही जस्टिन चॅटविनने रंगविलेला गोकू हा अमेरिकी शाळेतला एक लाजराबुजरा विद्यार्थी आहे, धटिंगण सोबती त्याला छळतात, वर्गातली मुलगी त्याच्याकडे पाहत नाही, आणि अठराव्या वाढदिवशी आजोबांचा वध झाल्यावर तो सूड घ्यायला निघतो. अशा मुलाची कथा वाईट असते असे नाही, मात्र ती दुसऱ्या हजार चित्रपटांतल्या मुलाची कथा आहे. ज्याला लाज म्हणजे काय तेच कळत नाही, त्या रानातल्या पोराला त्यांनी लाज शिकविली, शेपूट कापले, आणि ढग वगळला.

मूळ मालिकेतला तो प्रसंग मला अजून जसाच्या तसा दिसतो. वाट चुकलेल्या एका कासवाला गोकू पाठीवर घेऊन समुद्रापर्यंत पोहोचवितो. तसे करण्यात त्याचा काही लाभ नाही, तसे त्याच्या मनातही येत नाही. उपकाराची फेड म्हणून म्हातारा रोशी त्याला पिवळा ढग देतो आणि अट सांगतो की, ज्याचे मन निर्मळ असेल त्यालाच हा धरून ठेवील. आधी तो स्वतःच ऐटीत चढून दाखवितो आणि आरपार खाली, वाळूवर, आदळतो. मग गोकू उडी मारतो आणि ढग त्याला झेलतो. सबंध मालिकेची प्रकृती त्या एका उडीत आहे. हे ज्याने पाहिले आणि ज्याला ते समजले, त्याला चित्रपटातून ढग वगळणे कसे जमेल?

याचे उत्तर पटकथाकार बेन रॅम्से यांनीच २०१६ मध्ये दिले. आपण या कामाकडे या कथेचा भक्त म्हणून नव्हे तर मोबदल्यावर दृष्टी ठेवून व्यावसायिकाप्रमाणे गेलो, हे सांगून त्यांनी चाहत्यांची निःसंदिग्ध क्षमा मागितली. मला त्या कबुलीबद्दल आदर वाटतो. सुमारे तीन कोटी डॉलर खर्चलेल्या त्या चित्रपटाला अमेरिकेत एक कोटीही मिळाले नाहीत. पण त्या हिशेबापेक्षा हे क्षमापत्र दप्तरी जपून ठेवण्याच्या योग्यतेचे आहे. रूपांतर करणाऱ्यास मुळाशी जावे लागते. ह्युएनत्संगासारखे पायी नव्हे, पण ४४४ भागांपैकी काही तरी भाग एखाद्या मुलाच्या शेजारी बसून पाहण्याइतके तरी जावे लागते.

आणि मुळाशी परत गेले ते स्वतः तोरियामा. मसुदा पाहून त्यांनी सूचना केल्या होत्या, इशारे दिले होते, पण ते मानले गेले नाहीत, आणि जे निपजले त्याला 'ड्रॅगन बॉल' म्हणणे आपल्याला शक्य नाही, असे त्यांनी २०१३ मध्ये उघडपणे सांगितले. ही मालिका त्यांनी केव्हाच मागे टाकली होती; त्या चित्रपटाच्या संतापाने ती त्यांना पुन्हा हाती घ्यायला लावली. त्याच वर्षीच्या ३० मार्चला जपानात लागलेल्या 'बॅटल ऑफ गॉड्स' या चित्रपटाची कथा त्यांनी पुष्कळशी स्वतः नव्याने घडविली, आणि २०१५ पासून १३१ भागांची नवी मालिका निघाली. बिघडलेल्या तर्जुम्याने माणसाला मुळाकडे धाडण्याचे हे त्या वंशातले दुसरे उदाहरण.

तोरियामा १ मार्च २०२४ रोजी, वयाच्या ६८ व्या वर्षी, वारले. वार्ता जगाला कळली ती ८ मार्चला, आणि त्या दिवशी महाशिवरात्र होती. पहाटेपासून फ्रीगंजाच्या पुलावरून महाकालाकडे जाणाऱ्यांची रीघ लागली होती, घरात साबुदाणा भिजत होता, आणि दुपारी पुण्याहून भाच्याचा फोन आला. तो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता, नोकरीत होता. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून त्याने विचारले, "मामा, टाकीवरचा तो ढग आहे का हो अजून?"

आहे, म्हणून सांगितले. या पंधरासोळा वर्षांत गच्चीला तीनदा चुना लागला, आणि प्रत्येक वेळी चुनेवाल्याजवळ उभे राहून मी तेवढी वीतभर जागा सोडवून घेतली आहे.