मका पिवळा पडला, तरी युरियाचे पोते जरा थांबवा

श्रावणातली झड उघडली की चंदगड-आजऱ्याकडच्या उतारावरचा मका पाहावा. खालची पाने शेंड्याकडून मधल्या शिरेला धरून पिवळी पडलेली असतात. नत्र कमी पडल्याची ही खूण. घरधनी उधारीवर आणखी एक पोते आणतो, टाकतो, आणि पुढच्या सरीबरोबर तेही जाते!

घाटमाथ्याची तांबडी माती वर्षानुवर्षे पावसाने धुतली गेली, तिच्यातला चुना गेला, ती आंबट झाली. सामू साडेपाचाच्या खाली आला की मातीतले ॲल्युमिनियम विरघळू लागते. मक्याची मुळे आखूड, जाड होऊन वरच राहतात. नत्र मात्र पाण्याबरोबर खाली उतरते. मूळ वर, खत खाली, मग पीक खाणार काय?

म्हणून माती तपासून घ्यावी आणि सामू कमी निघाल्यास आधी चुन्याचे पाहावे. झारखंडच्या आंबट जमिनीत चुना सगळ्या रानात न फेकता पेरणीच्या ओळीतच हेक्टरी ३ ते ४ क्विंटल देतात. बेताच्या घराला हेच परवडते. चुना आणि युरिया एकत्र कालवू नये. नत्र वायू होऊन उडून जाते.

संकरित मक्याला हेक्टरी १२० किलो नत्राची शिफारस आहे. एकरी ४८ किलो, म्हणजे युरिया सुमारे १०५ किलो. मिश्रखत दिले असेल तर त्यातले नत्र वजा करावे. एक भाग पेरणीला, दुसरा महिन्याने, तिसरा तुऱ्याच्या आधी. आमच्या मते उताराच्या रानात पेरणीचा हप्ता लहानच बरा, कोवळ्या रोपाची भूक ती केवढी! पुढचे हप्ते खुरपणीनंतर, वाफशावर, बुंध्यापासून चार बोटे लांब देऊन मातीआड करावेत. आभाळ दाटले असेल तर दोन दिवस थांबावे. पान पिवळे पडलेले पहिल्यांदा दिसते ते खुरपणाऱ्या बाईला. खत कधी टाकायचे हे तिला विचारूनच ठरवावे.

आणखी एक. युरियाही माती आंबट करतो. वरच्या ४८ किलो नत्राची आंबटाई मारायला सुमारे ८५ किलो शुद्ध चुनखडी लागते. अमोनियम सल्फेटला त्याच्या जवळजवळ तिप्पट. तेव्हा चुना एकदा दिला की संपले, असे नाही.

यंदा दोन ओळी चुन्याविना सोडाव्यात. श्रावणात दोन्हीकडचे एकेक ताट मुळासकट उपटून, धुऊन, ओट्यावर शेजारी ठेवून पाहावे.