जस्ताचा अंगरखा

जालना म्हटले की लोखंड आठवते. येथील औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून त्याच्या सळया करतात. लोखंड बळकट खरे, पण हवा आणि पाणी एकत्र भेटले की त्याला गंज चढतो.

मी सातवीत असताना अब्बांनी पडवीवर पत्रे टाकले. पत्रे बसवायला दुकानात दोन प्रकारचे हुक होते. एक चांदीसारखा चकचकीत, दुसरा राखाडी, खडबडीत आणि महाग. अब्बांनी चकचकीत घेतले. काही वर्षांनी त्यांच्या आट्यांतून तांबूस पाणी ओघळू लागले. मी बी.एड. करत असताना वळवाच्या वादळात दोन हुक तुटले आणि एक पत्रा उचलला गेला. खाली कोणी नव्हते, म्हणून निभावले.

दोन्ही हुकांवर लेप जस्ताचाच होता. (हा शब्द आपल्या उर्दूतही आहे.) जस्त लोखंडाला नुसते झाकत नाही. लेपावर बारीक ओरखडा पडला, तरी शेजारचे जस्त आधी झिजते आणि उघडे लोखंड वाचते. रंगाला हे जमत नाही. मात्र जस्त झिजून संपले की राखणही संपते. म्हणून लेप किती जाड आहे, हे पाहावे लागते.

ही जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. चकचकीत लेप विजेच्या साहाय्याने चढवतात. तो बहुधा ५ ते १२ मायक्रॉन असतो. राखाडी लेपासाठी वस्तू सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापलेल्या, वितळलेल्या जस्तात बुडवतात. तो ४०-५० मायक्रॉन किंवा त्याहून जाड बसतो. कोरड्या, स्वच्छ हवेत जस्त वर्षाला एक मायक्रॉनही झिजत नाही. समुद्रकाठच्या खारट हवेत मात्र २ ते ४ मायक्रॉन झिजू शकते. आता तुम्हीच हिशेब करा : ८ मायक्रॉनचा लेप कोकणच्या किनाऱ्यावर किती वर्षे टिकेल? आमची हवा कोरडी, पण वॉशरखाली पाणी साचून राहत असे. तिथेच हुक खाल्ले गेले.

मग चकचकीत लेप वाईटच का? नाही. घरातल्या कपाटाला, बिजागरीच्या स्क्रूला तो पुरतो, आणि पातळ असल्यामुळे बारीक आटे बुजत नाहीत. फार कठीण पोलादाच्या बोल्टची गोष्ट वेगळी. आम्लात धुताना आणि वीज सोडताना हायड्रोजन पोलादात शिरतो. मग बोल्ट ठिसूळ होऊन अचानक तुटू शकतो. म्हणून लेपानंतर असे बोल्ट काही तास भट्टीत तापवतात. मोटारींच्या कारखान्यांत अशा बोल्टवर जस्ताच्या बारीक पापुद्र्यांचा लेप लावून भाजतात. त्यात वीज लागत नाही.

पुढे अब्बांनी राखाडी हुक आणले, पण काटकसर म्हणून जुनेच नट ठेवले. ते बसेनात. जाड लेपाच्या हुकाला आटे थोडे सैल कापलेला नट लागतो. पुन्हा बाजारात जावे लागले. ते हुक आजही पडवीवर आहेत.