हंगामाची वर्गणी

भिलाईत आमच्या लहानपणी खेळाडू ओळखायची एक सोपी खूण होती. सकाळी पंत स्टेडियमवर घाम गाळणारा माणूस दुपारी सायकलच्या हँडलला हेल्मेट अडकवून प्लांटच्या गेटकडे निघालेला दिसला, की समजायचं, हा खेळाडू. त्याला कुणी ‘काय करता?’ विचारलं तर ‘फुटबॉल खेळतो’ असं तो कधीच सांगत नसे. ‘बीएसपीत आहे’ एवढंच म्हणे. बीएसपी म्हणजे भिलाई स्टील प्लांट. पुढचं सगळं त्यात आलं: सेक्टरमधलं क्वार्टर, सेक्टर नऊचं हॉस्पिटल, मुलांची शाळा, निवृत्तीनंतरची ग्रॅच्युइटी. गोल मारण्याचं हे सगळं बक्षीस होतं, फक्त ते दरमहा हप्त्यानं मिळायचं.

म्हणून पुढे कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या मावशीकडे मुक्कामाला असताना शाहू स्टेडियमवर पहिला सामना पाहिला, तेव्हा मी मावसभावाला भिलाईचाच प्रश्न विचारला. समोर एक पोरगा दोघांना चकवून पेनल्टी क्षेत्रात घुसत होता. म्हटलं, हा कुठं नोकरीला आहे रे? मावसभाऊ माझ्याकडे बघतच राहिला. ‘नोकरी कसली? पेठेतला हाय की!’

त्या उत्तरात कोल्हापूरच्या फुटबॉलचा सगळा अर्थव्यवहार होता. तो उलगडायला मला बरेच हंगाम लागले.

बाहेरच्या माणसाला पहिल्यांदा खटकतात ती संघांची नावं. पाटाकडील तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. तालीम म्हणजे लाल माती, लंगोट, दंड-बैठका. तिथं फुटबॉल कसा शिरला? राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेला आश्रय सर्वांना ठाऊक आहे. युरोपच्या दौऱ्यात रोमचं मैदान पाहून आल्यावर त्यांनी खासबागचं कुस्ती मैदान बांधवून घेतलं, ते १९१२ मध्ये खुलं झालं. मल्लांना दरबारातून खुराक मिळायचा: दूध, तूप, बदाम. पुढे राजाराम महाराजांच्या काळात फुटबॉललाही राजाश्रय मिळाला आणि पेठेपेठेतल्या तालमींनी हा खेळ आपलासा केला. आखाड्यात जी ईर्षा होती तीच मैदानावर आली. आमच्या पेठेचा पैलवान तुमच्या पेठेच्या पैलवानाला चीत करील, याऐवजी आमचे अकरा तुमच्या अकरांना.

१९४९ मध्ये संस्थान विलीन झालं. दरबार गेला, पण कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली केएसए, राहिली. छत्रपती घराण्याचा तिच्याशी संबंधही राहिला. मालोजीराजे छत्रपती केएसएची धुरा सांभाळतात आणि २०२२ मध्ये ते अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कार्यकारिणीवरही निवडून आले. खुराकाचा खर्च मात्र आता पेठेवर आला.

पेठ हा खर्च कसा भागवते? तालमीची इमारत असते, तिच्या तळमजल्यावर एखाददोन गाळे असतील तर त्यांचं भाडं येतं. गणपतीच्या वर्गणीतून काही उरलं तर उरतं. पण हंगामाला लागतो तो खरा पैसा आश्रयदात्यांकडून येतो. पेठेत वाढलेला आणि आता औद्योगिक वसाहतीत कारखाना असलेला उद्योजक, एखादा बांधकाम व्यावसायिक, सराफ कट्ट्यावरचा व्यापारी, माजी नगरसेवक, होऊ घातलेला नगरसेवक. यांतला शेवटचा सर्वांत उदार असतो, विशेषतः महापालिकेची निवडणूक जवळ आली असेल तर. कुणी बूट देतं, कुणी किट, कुणी बाहेरून आणलेल्या दोन खेळाडूंच्या राहण्या-जेवणाचा भार उचलतं. हिशेब ठेवणारा खजिनदार बहुतेक वेळा स्वतः जुना खेळाडू असतो आणि गुडघ्यावर हात ठेवल्याशिवाय त्याला पायरी चढता येत नाही.

चषकांची नावं नुसती वाचत गेलं तरी शहराचं राजकारण डोळ्यांपुढं उभं राहतं. सतेज चषक, राजेश चषक, अटल चषक. दहा वर्षांनी कोल्हापूरला येणाऱ्या माणसानं वर्तमानपत्राचं क्रीडा पान उघडावं आणि कुणाच्या नावचा चषक सुरू आहे, कुणाच्या नावचा बंद पडला, एवढं पाहावं. याला मी नावं ठेवत नाही. राजानं खुराक दिला त्याला आपण आश्रय म्हणतो आणि आमदारानं चषक दिला की प्रसिद्धी म्हणतो, एवढाच आपला फरक.

हंगामाची खरी सुरुवात पहिल्या शिट्टीनं होत नाही, ती केएसएच्या खेळाडू नोंदणीनं होते. दिवाळी उलटली की कोण कुठल्या तालमीकडून सही करणार याची चर्चा मिसळीच्या दुकानांत रंगते. गेल्या वर्षीचा आघाडीवीर शेजारच्या पेठेत गेला तर त्याच्या घरासमोर चार दिवस अबोला असतो. पूर्वी पेठेतला पोरगा पेठेकडूनच खेळायचा, प्रश्नच नव्हता. आता मानधन बोललं जातं. किती, हे कुणी उघड सांगत नाही आणि प्रत्येकाला माहीत असतं. गोवा, केरळ, बंगालमधून खेळाडू येतात. आफ्रिकेतून, मुख्यतः नायजेरियातून आलेले उंच, दणकट खेळाडूही तालमीची जर्सी घालतात. नायजेरियाच्या पोराला शिवाजी पेठेतली आजी ‘जेवलास का रे बाळा’ विचारते आणि तो मान हलवतो, हे मी पाहिलं आहे. पण बाहेरच्यांच्या नोंदणीवर केएसएला मर्यादा घालावी लागली, कारण त्यांच्या मागे आपल्या पेठेतला सतरा वर्षांचा पोरगा बाकावर बसू लागला होता. आश्रयदात्याला चषक हवा असतो आणि तो याच वर्षी हवा असतो. सतरा वर्षांचा पोरगा तयार व्हायला चार वर्षं लागतात.

आधी लीग होते. वरच्या गटातले सोळा संघ सुपर सिनिअर आठ आणि सिनिअर आठ असे विभागलेले असतात. लीगमध्ये गुणांचा हिशेब असतो, सावध खेळ असतो. ती संपली की एकामागून एक बाद पद्धतीच्या स्पर्धा सुरू होतात आणि शहराला ताप चढतो. दुपारच्या उन्हात प्रेक्षागृह भरतं, हलगी कडाडते, पेठेचे झेंडे फडकतात. अमुक गोलबद्दल अमुक पेठेतल्या अमुक यांच्याकडून रोख पाचशे, अशी घोषणा ध्वनिक्षेपकावरून होते. इथल्या बातमीदारांची भाषाही खास आहे. पूर्वार्धात चढाया होतात, उत्तरार्धात वेग येतो, टायब्रेकरवर घालमेल आणि सडनडेथला श्वास अडकतो. सामनावीर सगळीकडेच असतो. कोल्हापुरात त्याच्या जोडीला ‘लढवय्या खेळाडू’ असंही एक बक्षीस आहे. हरलेल्या संघातल्या, शेवटपर्यंत धावणाऱ्या खेळाडूला ते बहुधा मिळतं. हे बक्षीस शोधून काढणाऱ्या माणसाला आखाडा कळला होता.

या तापाची दुसरी बाजूही सांगायला हवी. प्रेक्षागृहातली ईर्षा कधीकधी दगडांवर उतरते, सामने थांबतात, पोलिसांना मैदानात यावं लागतं, संघांवर आणि खेळाडूंवर बंदीची कारवाई होते. पेठेनं पैसा घातला की पराभवही पेठेचा होतो, आणि तो पचवणं सगळ्यांना जमत नाही.

आता माझ्या भिलाईच्या प्रश्नाकडे येतो. पेठेतल्या त्या पोराचं पुढे काय?

तो सकाळी कॉलेजला असतो. शिवाजी विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत कॉलेजची जर्सी घालून खेळतो, तिथं प्रेक्षक म्हणून त्याचे चार मित्र आणि क्रीडाशिक्षक असतात. संध्याकाळी तो तालमीकडून खेळतो, तिथं हजारो लोक त्याच्या नावानं ओरडतात. गंमत अशी, की महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र राज्य, राष्ट्रीय किंवा आंतरविद्यापीठ पातळीवरच्या मान्यताप्राप्त स्पर्धेचं हवं. पेठेनं खांद्यावर घेतलेला गोल त्या अर्जात कुठेच बसत नाही. रिकाम्या मैदानावर कॉलेजसाठी मारलेला गोल मात्र विद्यापीठ संघाच्या वाटेनं बसू शकतो. मला भेटलेल्या बऱ्याच तालीम खेळाडूंना हे तिशीत कळलं होतं. त्यातले जे शहाणे पुढे प्रशिक्षक झाले, ते पोरांना आता कॉलेजचे सामने चुकवू देत नाहीत.

काही जण पेठेच्या पलीकडे जातात. २०१७ मध्ये भारतात सतरा वर्षांखालील विश्वचषक झाला, तेव्हा भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता; पुढे तो इंडियन सुपर लीगमध्ये खेळला. पण त्याची वाट पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून गेली. तालमीच्या हंगामातून थेट तिथं पोचायला अजून रस्ता झालेला नाही.

भिलाईत हा रस्ता कारखान्यानं बांधला होता. सोव्हिएत सहकार्याचा करार १९५५ चा, पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. जंगल-शेतं हटवून उभ्या केलेल्या त्या शहरात पेठ नव्हती, जुनी ईर्षाही नव्हती. होते ते सेक्टर, आणि प्रत्येक सेक्टरमध्ये पंजाबी, बंगाली, तेलुगू, मल्याळी, नागपूरकडून आलेली आमच्यासारखी मराठी कुटुंबं. खेळाडूला पोसायची जबाबदारी प्लांटनं घेतली, ती क्रीडा कोट्यातल्या नोकरीनं. पंत स्टेडियमवर बास्केटबॉलचे प्रशिक्षक राजेश पटेल यांनी मुलींचा असा संघ घडवला, की छत्तीसगडच्या आदिवासी पट्ट्यातल्या मुली भारताच्या संघात जाऊ लागल्या. अंजू लाकरा, सीमा सिंग, भारती नेताम ही नावं भिलाईतली शाळकरी मुलं घेत असत. कानपूरची, जवळजवळ सात फूट उंचीची पूनम चतुर्वेदी खेळायला इथंच आली. पटेल २०१८ मध्ये गेले. त्यांच्या संघाला ना हलगी होती ना घोषणा; मैदानाच्या कडेला ड्यूटी संपवून आलेली दहा-वीस माणसं उभी असत.

पण कारखान्याच्या आश्रयालाही आपली मर्यादा आहे. यंत्रं बदलली, मनुष्यबळ एके काळच्या निम्म्याच्याही खाली आलं, भरती आटली आणि क्रीडा कोटाही आटला. पेठेचा दाता नाराज झाला तर दुसरा सापडतो. प्लांटला दुसरा प्लांट सापडत नाही.

दात्यांच्या पैशावर चालणाऱ्या फुटबॉलची सर्वांत मोठी पेठ अमेरिकेत आहे, आणि ती कॉलेजात आहे. खेळ तिकडचा, अंडाकृती चेंडूचा. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाखाहून जास्त माणसं बसतात. तरी अनेक दशकं नियम असा होता, की खेळणाऱ्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीपलीकडे छदामही घेता येणार नाही. प्रशिक्षकाला कोट्यवधी, पोराला वसतिगृह. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात दाते खेळाडूंना चोरून पैसे देत होते, तेव्हा १९८७ चा त्यांचा अख्खा हंगामच रद्द करण्यात आला. पुढच्या वर्षी विद्यापीठानं स्वतःहून संघ उतरवला नाही. मग २०२१ च्या जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावाचा मोबदला घ्यायला परवानगी मिळाली आणि दात्यांनी उघडपणे निधी गोळा करणारी मंडळं काढली. २०२५ मध्ये न्यायालयानं मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठंही थेट पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. त्या मंडळांबद्दल वाचताना मला सारखा तालमीचा खजिनदार आठवत होता. आकडे सोडले तर सगळं तेच: संघ हरला की देणगीदार फोन उचलत नाही, जिंकला की तोच ट्रॉफीशेजारी पहिल्या रांगेत. आणि खेळाडूची पळवापळवी. मिशिगनच्या मैदानात हलगी मात्र नाही, हे आपल्या बाजूला जमा धरावं.

मावसभावाला एकदा म्हटलं, तुमच्या तालमीनं दर हंगामातल्या वर्गणीचा एक हिस्सा बाजूला ठेवून दुखापत झालेल्या खेळाडूंसाठी निधी का करू नये? गुडघ्याची शस्त्रक्रिया काही लाखांच्या घरात जाते. तो म्हणाला, ‘करतोय की. पण त्यो कागदावर न्हाई. कुणाचा गुडघा गेला की आमी पावती पुस्तक घेऊन फिरतोय.’ मग थांबून म्हणाला, ‘चषक जिंकला आसंल त्या वर्षी लवकर जमतंय.’

मे संपत आला की शेवटचा चषक उरकण्याची घाई होते, कारण कोल्हापुरात पाऊस वेळेवर येतो आणि धरून बसतो. शाहू स्टेडियम आहे ती जागा एके काळी रावणेश्वराचं तळं होती. शिवाजी पेठेतली पोरं जिथं सराव करतात ते गांधी मैदान म्हणजे बुजवलेलं वरुणतीर्थ. जूनच्या पहिल्या जोरदार सरीत गांधी मैदानावर पाणी साचतं, गोलपोस्टचे खांब गुडघाभर पाण्यात उभे राहतात आणि कडेच्या घरांतली पोरं त्यात कागदी होड्या सोडतात. तालमीत त्या सुमाराला आरतीचे ढोल काढून चामडं तपासलं जातं. खजिनदार कपाटातून नवं पावती पुस्तक काढतो. गणपतीला तीन महिने असतात आणि मागच्या हंगामातल्या बुटांचे पैसे अजून द्यायचे असतात.