गोळीबाराचीही साथ असते

या सदराकडे येणारी पत्रे बहुधा मूळव्याध, मधुमेह आणि मुलांना भूक न लागणे याविषयी असतात. मागच्या पंधरवड्यात मात्र एका सेवानिवृत्त शिक्षकांचे वेगळेच पत्र आले. त्यांचा मुलगा अमेरिकेत शिकागोजवळ नोकरीला आहे. गुरुजी लिहितात, "शनिवार-रविवार झाला की शहरात किती जणांना गोळ्या लागल्या ते मुलगा फोनवर सांगतो. आपण सर्व रोगांवर लिहिता, तर यावर काही औषध निघाले आहे काय?"

पत्र वाचून प्रथम वाटले, गुरुजींचा पत्ता चुकला. हा प्रश्न पोलिसांचा, डॉक्टरांचा नव्हे. आमच्याकडे गोळी म्हणजे सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर घ्यायची! पण या विषयावर शिकागोतल्याच एका डॉक्टरने आयुष्य घालवले आहे आणि त्याची विचार करण्याची रीत साथरोगाच्या डॉक्टरची आहे. म्हणून हा लेख.

या डॉक्टरांचे नाव गॅरी स्लटकिन. १९८० च्या दशकात त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत क्षयरोगाचे काम केले, मग सोमालियातील निर्वासितांच्या छावण्यांत पटकीशी झुंज दिली आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेतर्फे आफ्रिकेत एड्सचे काम केले. १९९५ च्या सुमारास ते मायदेशी परतले. तेव्हा तिकडे तरुण मुले एकमेकांना गोळ्या घालत होती. स्लटकिन यांनी शहराचा नकाशा आणि आलेख मागवून पाहिले. ठिपके विशिष्ट वस्त्यांत दाटलेले, आणि आलेखात एका लाटेमागून दुसरी लाट. पटकीच्या साथीचा नकाशा त्यांनी असाच पाहिला होता.

साथ म्हणजे काय, हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको. एका घरात गॅस्ट्रोचा रुग्ण निघाला की पुढचा रुग्ण कुठे निघेल हे गावच्या आरोग्यसेविकेला बरोबर कळते. तीच विहीर, तोच नळ. गोळीबाराचे असे काही असते का, हे पुढे संशोधकांनी तपासले. शिकागोतील २००६ ते २०१४ या काळातल्या अकरा हजारांवर गोळीबारांचा हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. एकत्र अटक झालेल्या लोकांचे ओळखीचे जाळे त्यांनी मांडले, तेव्हा त्यातील सुमारे ६३ टक्के घटनांत गोळी या ओळखीच्या जाळ्यातून 'पसरत' गेलेली दिसली. एकाला गोळी लागल्यापासून त्याच्या संबंधातल्या दुसऱ्याला लागेपर्यंत सरासरी १२५ दिवस गेलेले होते. गोवराचा संसर्ग झाल्यावर पुरळ यायला दहा-चौदा दिवस लागतात, तसा हा काळ म्हणा. फरक इतकाच की इथे जंतू नाही. इथे सूड आहे, अपमान आहे आणि 'गप्प बसलास तर नामर्द' म्हणणारे मित्र आहेत.

आता उपचाराकडे वळू. सन २००० मध्ये शिकागोच्या वेस्ट गारफिल्ड पार्क या वस्तीत स्लटकिन यांनी 'सीझफायर' नावाने काम सुरू केले. आज ते 'क्युअर व्हायोलन्स' या नावाने ओळखले जाते. त्यांनी त्याच वस्तीतली माणसे पगारावर घेतली. त्यांतले पुष्कळजण पूर्वी टोळीत होते, तुरुंग भोगून आलेले होते. २००४ पासून त्यांतल्या काहींना एकच काम देण्यात आले, ते म्हणजे गोळी सुटण्याआधी मध्ये पडणे. कोण कोणावर चिडला आहे, कोण आज तुरुंगातून सुटतो आहे, कोणाच्या भावाचे वर्षश्राद्ध जवळ आले आहे, याची बातमी ते ठेवतात. ते हत्यार बाळगत नाहीत आणि पोलिसांचे खबरेही नसतात. तसा संशय आला तर दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याशी कोणी बोलणार नाही. मारायला निघालेल्या मुलाला ते घरातून बाहेर नेतात, जेवायला घालतात, रात्र काढतात. पहिले काही तास टळले की पुष्कळदा प्रसंगही टळतो. पुढे त्या मुलाची शाळा, नोकरी, दारूचे व्यसन यांकडे दुसरे कार्यकर्ते महिनोन्महिने पाहतात. आणि वस्तीत गोळीबार झाला की तीन दिवसांच्या आत शेजारपाजारचे लोक, धर्मगुरू, आया रस्त्यावर जमतात. 'हे इथे चालते' ही समजूत मोडावी, एवढाच त्यांचा हेतू.

गुंडांना पगार द्यायचा का, असे कोणीही विचारेल. मीही मनात विचारले. परंतु क्षयाच्या औषधाचा कंटाळा आलेल्या रुग्णाला माझ्यापेक्षा शेजारचा बरा झालेला रुग्ण अधिक पटवतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

यातला मला सर्वांत पटलेला भाग रुग्णालयातला आहे. जखमी मुलगा आत असतो आणि त्याचे मित्र बाहेर व्हरांड्यात. पुढची गोळी ठरते ती त्या व्हरांड्यात. म्हणून काही रुग्णालये जखमी येताच या कार्यकर्त्यांना बोलावतात. एक खाटेजवळ बसतो, दुसरा बाहेर मित्रांत मिसळतो.

हे वाचताना मला वीस वर्षांपूर्वीची जत्रेची रात्र आठवली. आपल्याकडे बंदुका नाहीत, पण कोयते आहेत. बावीस वर्षांचा एक मुलगा दंडावर वार घेऊन माझ्या दवाखान्यात आला. मी नऊ टाके घातले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, पोलिसांना कळवले. बाहेर दोन मोटारसायकलींवर त्याचा भाऊ आणि तीन मित्र होते. पायरीवरून आत जाताना "आज रात्रीच" असे शब्द माझ्या कानावर पडले. मी त्या भावाला ओळखत होतो, त्याच्या गालगुंडांवर मीच औषध दिले होते. तरी मी दार लावून जेवायला गेलो. रात्री दोन वाजता दुसऱ्या घरचा मुलगा आणला गेला, पोटात वार झालेला. सिव्हिल हॉस्पिटलला पोहोचेपर्यंत तो राहिला नाही. टाके मात्र उत्तम बसले होते, खूणही फारशी राहिली नाही.

या उपचाराचा गुण किती येतो, तेही सांगितले पाहिजे. पहिल्या वस्तीत पहिल्याच वर्षी गोळीबार दोन-तृतीयांशाने घटल्याचे संस्था सांगते. तटस्थ संशोधकांनी २००८ साली सात वस्त्या तपासल्या, तेव्हा चार ठिकाणी गोळीबारात साधारण १६ ते २८ टक्के घट दिसली. पिट्सबर्ग शहरात अशाच धर्तीच्या कामाचा अहवाल २०१० मध्ये आला. तिथे खून कमी झाले नाहीत, उलट हल्ले वाढलेले दिसले. काही कार्यकर्ते पुन्हा गुन्ह्यात सापडले. बाल्टिमोरमध्ये २०२१ आणि २०२२ या दोन सालांत तीन कार्यकर्ते गोळीबारात मेले. म्हणजे हे रामबाण औषध नव्हे. माणसे कशी निवडली, त्यांच्यावर देखरेख कोणाची आणि काम किती वर्षे टिकले, यावर सारे अवलंबून आहे. टिकण्याचीच पंचाईत आहे. २०२२ च्या कायद्याने या कामासाठी पाच वर्षांत २५ कोटी डॉलर ठरवले होते, आणि एप्रिल २०२५ मध्ये तिकडच्या न्याय खात्याने अशी अनेक अनुदाने मध्येच रद्द केली. क्षयाचे औषध दोन महिन्यांत बंद केले तर काय होते, ते वाचकांना ठाऊक आहे.

गुरुजी, आता आपल्या काळजीबद्दल. हा गोळीबार फार थोड्या वस्त्यांत आणि फार थोड्या माणसांच्या जाळ्यात एकवटलेला असतो. आपला मुलगा त्या जाळ्यात नाही, म्हणून दर सोमवारी रक्तदाब वाढवून घेऊ नका. मात्र अमेरिकेत २०२३ साली बंदुकीने सुमारे ४६,७०० माणसे दगावली आणि त्यांत निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. त्या घरातल्या बंदुकीने होतात, आणि तिथे वर सांगितलेले कार्यकर्ते पोहोचत नाहीत. तेव्हा फोनवर मुलाला एवढे विचारा, की नातू ज्या मित्राच्या घरी खेळायला जातो तिथे बंदूक आहे का, आणि असल्यास ती रिकामी करून कुलपात ठेवलेली असते का. असे विचारण्यात तिकडे कोणी गैर मानत नाही. तिथले बालरोगतज्ज्ञ पालकांना हाच प्रश्न विचारायला सांगतात.