शिसवी पेटीची पारख

आजोळच्या माजघरात पिढ्यान्‌पिढ्या पडून राहिलेली शिसवी पेटी भंगारवाल्याच्या स्वाधीन करण्यापूर्वी तिचा खण पूर्ण बाहेर काढून उलटा करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कारण दर्शनी कोरीवकामाची नक्कल आजही होऊ शकते, परंतु जी बाजू कोणाच्या दृष्टीस पडणार नाही असे कारागिराने गृहीत धरले, तिथेच वस्तूचे खरे वय दडलेले असते. फळीवर हातकरवतीच्या सरळ पण कमीअधिक अंतराच्या रेषा आहेत की यंत्राच्या गोल पात्याने उमटवलेल्या कमानी, हे बोटांनाही कळते. बोथट टोकाचा स्क्रू बहुधा १८५० च्या सुमाराचा किंवा त्याआधीचा. अणकुचीदार स्क्रू त्यानंतर सर्रास झाले.

आमच्या पेटीच्या चोरकप्प्यात मोडी लिपीतला हिशेबाचा एक चिटोरा निघाला, आणि मालकीची परंपरा दाखवणारा असा दस्तऐवज सोबत असला की मोलही वाढते. जुनी झिलई मात्र खरवडू नये. दीडशे वर्षांच्या हाताळणीने आलेली ती काळसर छटा पुन्हा मिळत नाही. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही, हेही विक्रीपूर्वी ध्यानात असावे.