विजेच्या उपकेंद्राची चावी कोणाकडे?

भिवंडी-मालेगावच्या लूमवाल्या बंधूंना विजेचे मोल सांगायला नको. पण वीज सांभाळणाऱ्या यंत्रांची चावी कोणाकडे असते, याकडे आम्हां व्यापाऱ्यांचे सहसा लक्ष जात नाही.

फ्रान्समध्ये उच्च दाबाच्या वीजवाहिन्या आरटीई ही कंपनी सांभाळते. त्यांची लांबी एक लाख किलोमीटरहून जास्त. लाईनवर झाड पडले तर डोळ्याचे पाते लवण्याच्या आत ती तोडावी लागते. दूरच्या शहरातल्या संगणकाला विचारत बसले तर तोवर ट्रान्सफॉर्मर जळायचा! म्हणून हिशेब उपकेंद्रातच करावा लागतो. यालाच एज कॉम्प्युटिंग म्हणतात. पेढीवरचा मुनीम किरकोळ व्यवहार जागेवर मिटवतो आणि शेठकडे फक्त रोजमेळ पाठवतो, तसेच हे. डिजिटल उपकेंद्रात विजेचे माप सेकंदाला ४००० वेळा घेतले जाते. एवढा माल रोज दूर पाठवणार कोण?

आजवर या कामाला वेगवेगळ्या बंद पेट्या लागत. पेटी ज्या कंपनीची, आतला प्रोग्रामही तिचाच. दुरुस्ती असो की वाढ, दार तेच आणि भाव तो सांगेल तो. ज्याच्या यंत्राचे सुटे भाग एकाच दुकानात मिळतात, त्याला ही मोहताजी ठाऊक आहे.

२०१८ साली लिनक्स फाउंडेशनने ‘एलएफ एनर्जी’ सुरू केली. आरटीई त्यात पहिल्यापासून आहे. तिथल्या ‘सीपॅथ’ प्रकल्पात साधे सर्व्हर घेऊन त्यांवर लिनक्स बसवतात. वेगवेगळ्या कंपन्यांचे प्रोग्राम त्यावर शेजारी-शेजारी चालतात. एक सर्व्हर बसला तर काम दुसऱ्याकडे जाते. हा पाया ओपन सोर्स, म्हणजे खुला आहे: कोणीही घ्यावा, वाचावा, बदलावा, विकावाही. नेदरलँड्सच्या अलियांडर कंपनीनेही विजेच्या मागणीचा अंदाज बांधणारा आपला ‘ओपनस्टेफ’ असाच खुला केला.

खुले म्हणजे बिनखर्चाचे, असा गैरसमज मात्र नको. सर्व्हर विकत घ्यावे लागतात, जाणकार माणसे पगारावर ठेवावी लागतात. संरक्षणाचा प्रोग्राम तर बहुधा कंपनीकडूनच घ्यावा लागतो. पण पाया आपल्या हातात असला की उद्या दुसऱ्या कंपनीचा प्रोग्राम आणून बसवता येतो. सौदा करताना एवढी ताकद पुष्कळ झाली.

आमच्या वस्तीतली इलेक्ट्रिकल डिप्लोमावाली मुले नोकरीसाठी भटकतात. सीपॅथचा सारा कोड उघडा आहे, तो वाचायला फी लागत नाही. लिनक्सची तोंडओळख आणि जुना संगणक यावर सुरुवात होऊ शकते.